बॅगेत काय भरायचं आणि ते कुणी ठरवायचं

खिशात ऐसपैस पैसे असले की बॅग भरताना फारसं डोकं चालवावं लागत नाही. टॉवेल राहिला, तिथे घेऊ. मुलाचा स्वेटर राहिला, तिथे घेऊ. सहकुटुंब आणि हात राखून निघालेल्यांना हे ‘तिथे घेऊ’ परवडत नाही. घरात धडधाकट पडून असलेली वस्तू पुन्हा विकत घ्यायची, तीही विमानतळावर नाहीतर डोंगरमाथ्यावर, जिथे दुकान एकच असतं आणि आपल्यापुढे दुसरा पर्याय नाही हे दुकानदारालाही ठाऊक असतं. त्यात माणसं पाच असली की राहून गेलेल्या वस्तूही पाचपट. म्हणून बेताच्या पैशांत प्रवास करणारी घरं सगळंच भरून घेतात. असू दे, लागलं तर. हे ‘असू दे’ मी माहेरी ऐकत वाढले, सासरीही तेच ऐकलं, आणि त्यामागची धास्ती मला पूर्ण मान्य आहे.

अडचण अशी, की ओझ्यालाही पैसे पडतात. ते एकदम दिसत नाहीत, म्हणून हिशेबात धरले जात नाहीत. चार बॅगा आणि दोन पिशव्या घेऊन गर्दीच्या बसमध्ये चढता येत नाही, मग टॅक्सी करावी लागते. स्वस्त खोली तिसऱ्या मजल्यावर असते आणि लिफ्ट नसते, मग तळमजल्यावरची थोडी महाग घ्यावी लागते. सकाळी पोचलो आणि खोली दुपारी मिळणार असली, तर हलक्या सामानाचा माणूस पाठीला पिशवी अडकवून गाव बघून येतो. जड सामानवाला कुठेतरी बसून राहतो, आणि बसायला मिळावं म्हणून काहीबाही मागवत राहतो. स्टेशनपासून राहण्याचं ठिकाण पंधरा मिनिटांच्या अंतरावर असलं तर ते चालत जाण्याजोगं आहे की नाही, हे अंतरावर ठरत नाही, हातातल्या बॅगेवर ठरतं. प्रवासातले बहुतेक स्वस्त पर्याय हे चालू शकणाऱ्या, चढू शकणाऱ्या, थांबू शकणाऱ्या माणसांसाठी असतात. सामान वाढलं की ते एकेक करून बंद होत जातात.

विमानात तर हे ओझं सरळ दरपत्रकावरच छापलेलं असतं. कमी भाड्याच्या तिकिटात बऱ्याचदा फक्त हातातली लहान बॅग धरलेली असते, आणि तिला अनेक कंपन्यांची मर्यादा 7 किलोची असते. त्यावरच्या सामानाचे पैसे आधी भरले तर कमी पडतात, काउंटरवर उभं राहून भरले तर जास्त. पाच जणांच्या घराला पाच मोठ्या बॅगा लागतच नाहीत. सगळ्यांची मिळून एक मोठी बॅग आधीच नोंदवून ठेवावी आणि बाकीचं हातातल्या बॅगांमध्ये बसवावं, हे माझ्या अनुभवात सगळ्यांत स्वस्त पडतं. फक्त ती एक बॅग बेसुमार भरू नये. एका नगाचं वजन 32 किलोच्या वर गेलं तर बहुतेक विमान कंपन्या ते घेतच नाहीत, कारण ती बॅग तिथे शेवटी कुणीतरी हातानेच उचलणार असतं.

राहून गेलं तरी खर्च, जास्त नेलं तरी खर्च. या दोहोंच्या मधे जी जागा उरते तिथे पैशाऐवजी विचार खर्च करावा लागतो. मी तो असा करते. प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारते, ही राहिली तर काय होईल? कंगवा राहिला तर दुसऱ्याचा वापरता येतो. साबण राहिला तर कुठेही मिळतो. पण सासूबाईंचा चष्मा राहिला तर त्यांच्यासाठी तो प्रवासच संपतो, कारण त्यांच्या नंबरचा चष्मा तासाभरात कुणी बनवून देत नाही. म्हणून त्यांचा जुना चष्मा, जरा कमी नंबरचा असला तरी, दुसऱ्या बॅगेत असतोच. दम्याचा पंप, रोजच्या गोळ्या, ओळखपत्रं, धाकट्याचा तो कान तुटलेला कापडी ससा, ज्याच्याशिवाय तो झोपत नाही. या वस्तूंची किंमत त्यांच्या बाजारभावावर नसते. ससा तर जगातल्या कुठल्याच दुकानात मिळणार नाही. यांची जागा आधी धरायची, मग उरलेल्या जागेत कपडे.

कपड्यांत आपण सगळ्यांत जास्त उधळपट्टी करतो आणि ती उधळपट्टी वाटतही नाही, कारण कपडे घरातलेच असतात. घरातला वजनकाटा काढून एकदा बघावं. एक जीन्स साधारण 600 ते 700 ग्रॅम भरते, पातळ सुती टी-शर्ट 150 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका जीन्सच्या वजनात चार टी-शर्ट येतात. पाच जणांनी ‘असू दे’ म्हणून एकेक जास्तीची जीन्स घेतली, की तीन किलो तिथेच गेले. बुटांचंही तसंच. जड बूट पायांत घालावेत आणि बॅगेत फक्त चपला जाव्यात. बॅगेत बूट न्यावेच लागले तर त्यांच्या पोकळीत मोजे भरायचे. मोठा कोट अंगावर नाहीतर हातावर, आणि त्याच्या खिशांत चार्जर, किल्ल्या, छोटी डायरी.

थंडीच्या ठिकाणी जाताना जाडजूड कोट हवाच असं वाटतं. पण ऊब कापडापेक्षा त्यात अडकलेल्या स्थिर हवेची असते. एकावर एक तीन पातळ कपडे घातले की त्यांच्या मधे हवेचे थर तयार होतात, आणि ऊन चढलं की एकेक उतरवता येतो. तेच पातळ कपडे घरी एरवीही वापरात राहतात. एका आठवड्यासाठी घेतलेला कोट उरलेलं वर्षभर कपाट अडवून बसतो.

रंगांचा विचार आधी केला तर कपडे निम्म्यावर येतात. तीन वरचे आणि दोन खालचे, सगळे एकमेकांवर जातील असे निवडले, की सहा जोड होतात. फोटोत रोज तेच कपडे दिसतात म्हणून माझी मोठी मुलगी कुरकुर करायची. आता ती स्वतः जोड लावून बघते आणि एक रंगीत ओढणी घेते. तेवढ्यात तिचं भागतं.

आणि धुवायचं. प्रवासात धुणं म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण पाच जणांचे आठ दिवसांचे कपडे वाहण्यापेक्षा रात्री चार कपडे खळबळून टाकणं कितीतरी सोपं. फक्त कोणतं कापड लवकर वाळतं हे ठाऊक हवं. सूत पाणी आत शोषतं. नुसत्या हवेतला ओलावासुद्धा ते आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरून ठेवतं, तिथे पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून सुती जाड कपडा दमट हवेत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही ओलाच राहतो आणि पातळ मिश्र धाग्याचा सकाळी घालता येतो. उन्हाळ्यात अंगाला सूतच बरं वाटतं हे खरं, तेव्हा आतले कपडे आणि मोजे लवकर वाळणारे घ्यायचे नि वरचे सुती. धुतलेला कपडा नुसता पिळून दोरीवर टाकू नये. कोरडा टॉवेल पसरायचा, त्यावर ओला कपडा ठेवायचा, दोन्हीची मिळून घट्ट गुंडाळी करायची आणि ती दोन टोकांना धरून पिरगाळायची. टॉवेल पाणी ओढून घेतो आणि कपड्याचं वाळणं निम्म्या वेळावर येतं. हे काम आमच्याकडे मुलं करतात, एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि कुणाचं टोक आधी सुटतं यावर भांडतात. त्यासाठी टॉवेल मात्र पातळ हवा. जाड टर्किश टॉवेल अर्ध्या किलोचा असतो आणि स्वतःच वाळत नाही. दोन पदरी पिळाची दोरी असली तर चिमटेही लागत नाहीत, कपड्याचं टोक पिळात खोचता येतं.

लहान मुलांच्या कपड्यांत मात्र काटकसर करू नये. घाटात मूल ओकतं तेव्हा ते स्वतःवर ओकतं आणि ज्याच्या मांडीवर असेल त्याच्यावरही. म्हणून मुलाचा एक जोड आणि आईबापांपैकी एकाचा सदरा हाताशी, वरच्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवावा. ओले, घाण कपडे मग त्याच पिशवीत गाठ मारून बंद करता येतात. बॅगेच्या तळाशी असलेल्या जोडाचा त्या वेळी काही उपयोग नसतो.

कुणाचं कुठे भरायचं, याचाही विचार हवा. घरोघर प्रत्येकाची वेगळी बॅग असते. मी तसं करत नाही. मोठ्या बॅगेत आणि लहान बॅगांत सगळ्यांचे थोडे थोडे कपडे विभागते. एखादी बॅग मागे राहिली किंवा उशिरा पोचली, तर एकाच माणसाचं सगळं जात नाही. सगळ्यांचे एकेक कपडे गेले तर त्याचा त्रास होतो, पण लगेच खरेदीला धावावं लागत नाही. वाटेत एका रात्रीचा मुक्काम असला तर त्या रात्रीचे सगळ्यांचे कपडे, दात घासायचं सामान आणि दुसऱ्या सकाळच्या गोळ्या एकाच पिशवीत ठेवते. त्या मुक्कामात बाकीच्या बॅगांची चेनसुद्धा उघडायची नाही.

बॅग कोणती हाही पैशाचाच प्रश्न आहे. बॅगेला चाकं लावायची कल्पना तशी अलीकडची. अमेरिकेतल्या बर्नार्ड सॅडो यांनी 1970 साली ती मांडली आणि 1972 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. त्यांची बॅग पट्ट्याने ओढायची होती. आज आपण वापरतो ती, उभी राहणारी आणि वर ओढायच्या दांड्याची, रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने 1987 च्या सुमारास तयार केली. चाकांनी खांदे वाचवले यात शंका नाही. पण चाकं, दांडा आणि टणक सांगाडा मिळून हातातल्या लहान बॅगेचंही वजन रिकामेपणीच अडीच-तीन किलोच्या घरात जातं. 7 किलोंची मर्यादा असेल तर त्यातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त बॅगच खाते. साधी कापडी किंवा नायलॉनची खांद्याची पिशवी अर्ध्या किलोची असते. तेव्हा धडधाकट माणसांनी पिशवी घ्यावी आणि ज्यांची पाठ किंवा गुडघे दुखतात त्यांच्या हाती चाकांची बॅग द्यावी, हे मला रास्त वाटतं. नवी बॅग घ्यायचीच झाली तर मी रंग, कप्पे काही बघत नाही. चेन दहा वेळा उघडून लावून बघते, कोपऱ्यावर वळताना अडकते का ते बघते, आणि पट्टा जिथे बॅगेला शिवला आहे तिथली शिलाई नखाने ओढून बघते. बॅग फाटते ती याच दोन जागांवर. शिलाई नुसत्या एका ओळीची आहे की चौकोन करून त्यात फुली मारली आहे, एवढं बघितलं तरी ती किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो.

प्रवासासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या खास वस्तूंकडे मी फिरकत नाही. कपड्यांचे वेगवेगळे गट ठेवायला चेनचे चौकोनी खण मिळतात, आमच्याकडे ते काम जुन्या कापडी पिशव्या करतात. मानेची फुगवायची उशी मिळते, पण रिकाम्या अभ्र्यात स्वेटर आणि शाल कोंबली की उशीच होते, आणि तो अभ्रा परतीच्या वाटेवर धुण्याची पिशवी होतो. बाकी मोठ्या वस्तू मागून आणाव्यात. बर्फाचे बूट, मोठी सॅक, लहान मुलाची घडीची गाडी, या वस्तू नात्यात, शेजारी, ऑफिसात कुणाकडे तरी वर्षभर धूळ खात पडलेल्या असतात. मागायला संकोच वाटतो खरा. पण वस्तू वेळेवर, धुऊन पुसून, चेन ढिली असेल तर ती दुरुस्त करून परत केली, की पुढच्या वेळी देणाराच आपणहून विचारतो. आमची मोठी सॅक अशीच तीन घरं फिरते आणि ती मुळात कुणाची हे सांगायला आता थोडं आठवावं लागतं.

विमानाचे नियम थोडक्यात सांगते, कारण ते न पाळल्याने चांगल्या वस्तू तपासणीत टाकून द्याव्या लागतात. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आला, आणि तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेतली द्रव वस्तू 100 मिलिच्या बाटलीतच न्यायची हा नियम रूढ झाला. काही विमानतळांवर नव्या यंत्रांमुळे तो आता सैल होतो आहे, पण परतीच्या विमानतळावर तो असू शकतो. बाटली 200 मिलिची आणि आत चमचाभरच तेल, हेही चालत नाही, मोजली जाते ती बाटली. म्हणून वडी, पूड, कांडी या रूपात जे मिळतं ते तसंच न्यावं, सांडायची भीतीही राहत नाही. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या न्याव्यात आणि तपासणीनंतर भराव्यात. पाच जणांचं पाणी तिथे विकत घ्यायचं तर तिकिटात वाचवलेले पैसे तिथेच जातात. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नये, ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते आणि साधारण 100 वॅट-तासांपर्यंतची चालते. 20,000 एमएएचची नेहमीची पॉवर बँक 74 वॅट-तासांची असते, म्हणजे ती बसते.

औषधांच्या डब्याला मी सगळ्यांत जास्त वेळ देते. आमचा डबा म्हणजे घट्ट झाकणाचा, आरपार दिसणारा प्लॅस्टिकचा डबा, हाताच्या पंजाएवढा. जागा वाचवायला लोक गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून लागतील तेवढ्याच गोळ्या नेतात. पण औषधाचं नाव, ताकद आणि मुदत पट्टीवर ठराविक जागीच छापलेली असते, आणि मुदतीची तारीख तर बहुधा एका कडेलाच. नेमकी ती कड घरी राहते आणि बॅगेत उरतात त्या चार अनोळखी पांढऱ्या गोळ्या. रात्री दोन वाजता ताप चढलेल्या मुलासमोर त्या हातात धरून काही कळत नाही. पट्टी कापायचीच तर नाव आणि तारखेचा तुकडा आपल्याकडे राहील अशी कापावी. सासूबाईंच्या रोजच्या गोळ्या दोन भागांत विभागून दोन बॅगांत, दोन-तीन दिवसांच्या जास्तीच्या धरून, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत सोबत. इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर ते विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ठेवू नये. तिथे ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, वरून तसं दिसलं नाही तरी.

त्याच डब्यात जलसंजीवनीची पाकिटं. स्वस्त, चपटी, वजनाला काहीच नाहीत, आणि जुलाब सुरू झालेल्या मुलाला पहिल्या काही तासांत त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं क्वचितच काही असतं. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ते पूर्ण पाकीट घालायचं. अर्धं पाकीट अंदाजाने अर्ध्या भांड्यात, असं करायचं नाही, कारण साखर-मिठाचं प्रमाण बिघडलं की फायदा होत नाही आणि मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो. पाकीट नसलंच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या लहान चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. हे प्रमाण मी झाकणाच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटपट्टीने चिकटवलं आहे. आजारी मुलाजवळ बसलेलं असताना साधं प्रमाणही आठवत नाही.

डब्याच्या एका कोपऱ्यात सुई, दोन रंगांचा दोरा आणि सेफ्टी पिनांची साखळी असते. एक पिन मोठीला अडकवलेली, तिच्यात लहान, लहानीत आणखी लहान. त्या पिनांनी आजवर तुटलेली चेन, निसटलेला पट्टा, खिडकीचा न बसणारा पडदा, काय काय सांभाळलंय. सेफ्टी पिन ज्या रूपात आपण वापरतो तिचं पेटंट न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यांनी 1849 मध्ये घेतलं. डोक्यावर 15 डॉलरचं कर्ज होतं, ते फेडायचं म्हणून त्यांनी तारेशी खेळत ही युक्ती काढली आणि तिचे हक्क 400 डॉलरना विकून टाकले, असं सांगितलं जातं. चणचणीत सुचलेली ती वस्तू आजही चणचणीच्या घरांना पावते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता ज्याबद्दल मला खरं बोलायचं आहे ते. कमी पैशांत नीट बॅग भरायला एवढा विचार लागतो, तर तो करतं कोण?

माझी आई करायची. निघायच्या आदल्या दोन रात्री तिच्या डोक्यात सगळं घर फिरत असायचं. आजोबांचा गुडघ्याचा पट्टा, बाबांचे दाढीचे ब्लेड, माझ्या केसांच्या रिबिनी, भावाची कानदुखीची बाटली, गॅस बंद, दूधवाल्याला निरोप, शेजारी किल्ली. पलंगावर कपड्यांचे ढीग लागलेले आणि ती एकेक घडी मोडून पुन्हा बारीक करतेय, हे मी शंभरदा पाहिलंय. सगळ्यांचं भरून झालं की बॅगेच्या कडांना ज्या फटी उरत त्यांत ती स्वतःचे कपडे सारायची. त्या फटींत बसतील तेवढेच कपडे तिला मिळायचे. आम्ही सगळे तयार होऊन दारात उभे असायचो, आणि ती शेवटी घाईघाईने केस विंचरून बाहेर यायची. गाडीत बसल्यावर पहिल्या वळणावर तिला झोप लागायची. सगळे म्हणायचे, हिला प्रवास मानवत नाही. तिला प्रवास मानवत होता. ती दमलेली असायची.

तिने वाचवलेले पैसे घराला दिसले. त्यासाठी तिने घातलेलं डोकं कुणाला दिसलं नाही. ‘माझा निळा शर्ट घेतलास ना?’ या प्रश्नात शर्टाची काळजी विचारणाऱ्याकडून तिच्याकडे अलगद सरकते, आणि असे प्रश्न पाच तोंडांतून आले की सगळ्यांच्या काळज्या एकाच डोक्यात गोळा होतात. वर काही राहिलंच, तर ‘तू घेतलं नाहीस?’ हे ऐकायलाही तीच. काटकसर सगळ्या घराची असते, मग तिची मेहनत एकाच्या वाट्याला का यावी, हे मला पटत नाही. माझी मुलगी मोठी होऊन हेच करत बसणार असेल तर तिला आत्ताच दुसरं काही दिसायला हवं.

म्हणून आमच्याकडे यादी फ्रिजवर लागते आणि प्रत्येक ओळीपुढे एकेक नाव असतं. कागदपत्रं, तिकिटं, चार्जर नवऱ्याकडे. त्याने प्रत्येक कागदाची एक प्रत वेगळ्या बॅगेत ठेवायची आणि एक फोनमध्ये, नेट नसतानाही उघडेल अशी. सासूबाई स्वतःच्या गोळ्या स्वतः मोजतात. मोजून झाल्या की त्या मला हाक मारतात, ‘अगं, जरा बघून घे,’ आणि मी बघते. एकाने भरलेलं दुसऱ्याने बघणं, हे आम्ही सगळ्यांनाच लावलंय. मुलांनी स्वतःचे कपडे काढून पलंगावर मांडायचे, मग आम्ही दोघं मिळून त्यातलं काय ठेवायचं ते ठरवतो. सात वर्षांचं मूल मोजे मोजू शकतं. धाकटा ते जमिनीवर एका ओळीत मांडतो, प्रत्येक जोडीतला दुसरा शोधून त्याच्या शेजारी सरळ करतो, जोडी सापडली नाही की पलंगाखाली शिरतो. त्याला तासभर लागतो. मी भरले असते तर पाच मिनिटांत झालं असतं. तो तासभर मी मधे पडत नाही, हे मला अजूनही जड जातं.

मुलांचा एक नियम आहे, जे भरशील ते तूच उचलायचं. वाढत्या मुलांच्या पाठीवर त्यांच्या वजनाच्या 10 ते 15 टक्क्यांहून जास्त ओझं नको असं तज्ज्ञ सांगतात. म्हणजे 22 किलोच्या मुलाची पिशवी फार तर दोन-तीन किलोंची. ती भरून झाली की आमच्या जिन्यावरून एकदा खाली जाऊन वर यायचं. तीन मजले. बरीच खेळणी दुसऱ्या मजल्यावर आपणहून कमी होतात. मोठ्यांनीही हे करावं, कारण पलंगावर ठेवलेली बॅग हलकीच वाटते. वजनाचा नेमका आकडा हवा असेल तर बॅग हातात घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करायची. अर्ध्या किलोचा फरक इकडेतिकडे होतो, तेवढी मोकळीक ठेवूनच भरावं.

हे असं वाटून दिल्यावर काही वस्तू राहतात का? राहतात. मी एकटी भरत असते तर राहिल्या नसत्या अशाही राहतात. पण चार्जर राहिला तर तो ज्याच्या नावापुढे होता तो स्वतः जाऊन खोलीच्या मालकाकडे मागतो, आणि पुढच्या वेळी त्याच्या यादीत चार्जर सगळ्यांत वर असतो. निघायच्या आदल्या रात्री मी झोपते. आणि माझे कपडे आता फटींत जात नाहीत, त्यांना इतरांसारखीच एक पिशवी आहे.

परत आलं की बॅगा त्याच रात्री रिकाम्या करायच्या. दमलेलो असतो, तरीही. मळके कपडे घडी न करता कोंबले की तेच सामान परतताना बॅगेत मावत नाही, म्हणून मळक्यांचीही घडी झालेली असते आणि ते थेट धुण्यात जातात. न घातलेले कपडे वेगळे काढायचे, आणि यादीवर त्यांच्यापुढे तेव्हाच खूण करायची. चार दिवसांनी ते आठवत नाही. औषधांच्या डब्याला हा न्याय लावायचा नाही. तो न उघडता परत आला तर चांगलंच झालं, मुदती तपासून पुन्हा जागेवर. बाकीच्या खुणांवरून पुढची यादी बनते, आणि ती आता मुलंच लिहितात. गेल्या खेपेला दुर्बीण एकदाही बाहेर निघाली नाही म्हणून मोठीने तिच्यावर काट मारली आहे. त्याखाली धाकट्याने पेन्सिलीने लिहून ठेवलंय, ‘माझ्या बॅगेत’. तीनशे ग्रॅम आहे. नेऊ दे.